नोंद नसलेलं विमान

माझे मोठे चुलते कारभारी, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, नऊ वर्षं आभाळाकडे बघत होते ते एका वाक्यासाठी. फाल्गुनातल्या एका दुपारी आमच्या शिवारावरून एक विमान अगदी खालून गेलं होतं, एवढंच कुणीतरी सरकारी कागदावर लिहून द्यावं, असं त्यांना वाटे. भरपाई नको होती, कुणाला शिक्षाही नको होती. ते वाक्य त्यांना एकाच माणसाला दाखवायचं होतं. तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ अमृत, माझे वडील.

आमची वस्ती तिसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. नगरकडे लष्कराचा सराव चालतो, त्यामुळे वरची घरघर आम्हाला नवी नाही. हेलिकॉप्टर गेलं तर पोरंसुद्धा मान वर करत नाहीत. पण वर्षातून चार-दोनदा खिंडीतून एखादं लढाऊ विमान असं खाली येतं, की घराचे पत्रे वाजतात, कोंबड्या मिळेल त्या आडोशाला शिरतात आणि बांधावर भांडणारी माणसंसुद्धा घटकाभर गप्प होतात.

मी आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. मी शाळेत होते. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, टेम्पो घेऊन पुण्याला गेले होते. आबा बैलगाडीतून कडबा आणत होते आणि कडब्यावर माझी आई बसली होती. रेश्मा तिचं नाव. ओढ्याच्या कडेच्या वाटेवर बैल उधळले, चाक कडेवरून खाली गेलं आणि गाडी उलटली. आई गाडीखाली सापडली. पाथर्डीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी दादा आले तेव्हा आबांनी त्यांना सांगितलं, की डोंगराकडून एक विमान आलं, पार डोक्यावरून गेलं आणि बैल बुजले.

दादांनी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. मग गावाने आपलं काम केलं. आबा कधीमधी घ्यायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दुपारीही घेतली असणार, असं कुणीतरी बोललं, आणि दहाव्यापर्यंत 'असणार' गळून पडून 'घेतली होती' एवढंच उरलं. शेजारच्या वावरात आसाराम हरभरा उपटत होता. पंचनाम्याला त्याला विचारलं तर तो म्हणाला, मी खाली मान घालून काम करतो, वरचं मला काय माहीत. या आसारामला दुसऱ्याने बांध वीतभर कोरला तर फर्लांगावरून दिसतं. पण साक्ष दिली की खेटे घालावे लागतात, म्हणून त्याने कानावर हात ठेवले. वस्तीवरच्या आणखी दोघींना काहीतरी धडाडल्यासारखं वाटलं होतं. पण तो दिवस तोच होता का आदला, हे त्यांना सांगता येईना. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'बैल अचानक उधळल्याने.'

तेराव्याला पंगत उठल्यावर दादा आबांना म्हणाले, "इमान दाखव. मग तुझं खरं."

त्यानंतर ते त्यांच्याशी बोलले नाहीत. चूल वेगळी झाली, अंगणात पत्र्याचा आडोसा उभा राहिला. दादांना भाकरी थापता येत नव्हती, म्हणून मला तेवढं आडोशापलीकडे जेवायला जायची मुभा होती. मला वाढवलं ते चुलतीने, गोजरबाईने. तिला मी मोठी आई म्हणते. दादा तिच्याशी बोलत, तिने पाठवलेलं कालवण खात. पण ते आबांच्या ताटातलं असेल का, असा विचार करून आधी वास घेत. माणूस दुःखात मोठा होतो म्हणतात. आमच्या घरी तरी मला तसं दिसलं नाही.

आबांनी आधी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला. तिथून तो कुठे कुठे फिरला कोण जाणे. आठ महिन्यांनी उत्तर आलं, की सदर दिवशी सदर परिसरात विमान गेल्याची नोंद आढळून येत नाही. आबा ते पत्र घेऊन पुन्हा कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना विचारलं, विमान कोणत्या जातीचं होतं, किती उंचीवरून गेलं, आणि त्याचा नंबर काय? आबा म्हणाले, साहेब, ती काय मोटरसायकल होती का नंबर बघायला? कारकून म्हणाला, मग आम्ही तरी कशावरून समजायचं? आबा घरी आले, मोठ्या आईकडून चहा मागून घेतला आणि म्हणाले, आता आपण शिकून घ्यायचं.

आणि चौथी शिकलेला माणूस खरंच शिकला. माझी जुनी वही घेतली. अक्षर त्यांचं गिचमिड, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. मी दहा वर्षांची असल्यापासून ते सांगत आणि मी लिही: वार, वेळ, कुठून आलं, कुठे गेलं. उंचीसाठी त्यांनी विजेचा टॉवर धरला होता. 'टावरच्या तिप्पट', 'टावरच्या दीडपट' असं ते सांगत. एक शेपटी की दोन, पंख पोटाखालून की पाठीवरून, हे आधी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं केलं. नावं नंतर मी मोबाईलवरून शोधून दिली. पंख्याचं माल वाहणारं विमान त्यांना आवाजावरून घरात बसून कळे. लढाऊ विमानाचा आवाज मात्र फसवतो, असं ते सांगत. आवाज जिथून येतो तिथं विमान नसतंच. ते पुढं गेलेलं असतं, म्हणून नजर आवाजाच्या पुढं टाकायची. बगळे उठले की पाठोपाठ खिंडीकडे बघायचं. सुगीच्या दिवसांतही त्यांची मान वर, आणि खुरपं हातात तसंच.

गावाला करमणूक झाली. 'विमानवाले' असं नाव पडलं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मुद्दाम वर बोट दाखवी आणि सगळी रांग हसे. सरपंच काकासाहेब तर भर चावडीत विचारत, काय कारभारी, आज दिल्लीहून कुणी आलं का? आबा म्हणत, हसतील त्यांचे दात दिसतील. मला तेव्हा शाळेत तोंड दाखवायला लाज वाटे. कधी कधी मला त्यांचा राग येई, कारण सगळा वेळ माझ्या आईच्या नावाने चालला होता आणि त्यात आई कुठेच नव्हती. सात वह्या भरल्या. माझ्या हस्ताक्षरात पाच अर्ज गेले. त्यांना उत्तर आलं ते पहिल्यासारखंच, फक्त तारीख बदलून.

मग गेल्या वर्षीचा मे महिना आला. सीमेवर चकमकी सुरू झाल्या, भोंग्यांचे सराव झाले, आणि टीव्ही बघून गावाची पाचावर धारण बसली. वर काहीही वाजलं की आबांचा फोन वाजे. काकासाहेबांचासुद्धा. आबा ओट्यावरून सांगत, आपलंच हाय, मालाचं हाय, झोपा. ज्यांनी नऊ वर्षं टिंगल केली ते आता आबांनी सांगितल्याशिवाय दिवा लावत नव्हते. कुठल्याशा वाहिनीचा पत्रकार आला. त्याने आबांना बांधावर उभं करून तीनदा वर बघायला लावलं आणि खाली पट्टी टाकली, 'गावाचं चालतंबोलतं रडार'. आसाराम त्या चित्रीकरणात मागे उभा राहून आबांच्या खांद्यावर हात टाकून हसतो आहे. तो हात बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात आबांचा सत्कार ठरला. मांडवाचं सामान दादांच्या टेम्पोतून आलं होतं, म्हणून दादाही तिथे होते, टेम्पोला टेकून, लांब. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी शाल, नारळ आणि प्रमाणपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'कमी उंचीवरून जाणारी विमाने अचूक ओळखणारे सजग नागरिक', आणि खाली गोल शिक्का. आबांनी ते हातात घेतलं आणि तिथेच खालच्या आवाजात साहेबांना विचारलं, की माझी नजर अचूक आहे असं तुम्हीच लिहिलंय, तर त्या फाल्गुनातलं एक विमान तेवढं लिहून द्या. साहेबांनी हसून त्यांची पाठ थोपटली. आज सत्कार घ्या आबा, बाकीचं ऑफिसात येऊन बोला, असं म्हणाले आणि फोटोसाठी त्यांना कॅमेऱ्याकडे वळवलं.

मग आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते कधी माइकपुढे उभे राहिले नव्हते. आधी अडखळले, पण विमानांवर आल्यावर मोकळे झाले. दोन शेपट्यांचं कसं ओळखायचं, बगळे कसे उठतात, सगळं सांगितलं. लोक मान हलवत होते. समोर सगळे शेतकरीच, म्हणून शेवटी त्यांनी जनावरांचं काढलं.

"लढाऊ इमान एकटं कवाच येत न्हाई," आबा म्हणाले. "जोडीनं येतं. पयलं गेलं की जनावर नुसतं थबकतं, कान टवकारतं. उधळतं ते दुसऱ्याला. मधी आपल्याला पंदरा आकडे म्हनाइतका येळ मिळतो. तेवड्यात गाडीवरनं उतरायचं, म्होरं जाऊन येसन धरायची, अन बैलाच्या डोळ्यावर हात ठिवायचा. मंग कितीबी खालनं जाऊंद्या, बैल जागचा हालत न्हाई. मी बगितलंय."

टाळ्या कडाडल्या. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच राहिले. पाचही अर्जांतलं माझंच अक्षर मला समोर दिसत होतं: 'एक विमान अचानक आले.' आबांनी सांगितलं होतं तसंच मी लिहिलं होतं. मी टेम्पोकडे बघितलं. दादा टेकलेले होते ते सरळ उभे राहिले होते.

कार्यक्रम संपला, पोरांना जिलेबी वाटायला सुरुवात झाली. आबा प्रमाणपत्र छातीशी धरून थेट दादांकडे निघाले. मी आणि मोठी आई मागे. लोकांनी मोठ्या आईला वाटेत अडवून अभिनंदन सुरू केलं, म्हणून ती मागे राहिली. आबांनी प्रमाणपत्र पुढे केलं. नऊ वर्षांनी ते भावासमोर उभे होते.

दादांनी ते घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी इमानं किती हुती?"

आबांचा हात तसाच पुढे राहिला. मला वाटलं, ते एक म्हणतील. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी एक म्हणावं. आई परत येणार नव्हती, आणि ही दोन माणसं मला गमवायची नव्हती.

"दोन," आबा म्हणाले.

"पयलं गेल्यावर बैल थांबले हुते?"

"व्हय. थांबले हुते."

"मंग तू काय करत हुतास?"

आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मांडववाल्यांनी खुर्च्या आणून टेम्पोच्या चाकाशी रचायला सुरुवात केली होती. त्यांना वाट द्यायला आम्ही तिघे थोडे बाजूला सरकलो.

"पयलं नीट दिसलंच न्हवतं," ते म्हणाले. "म्हनून दुसऱ्याची वाट बगत हुतो. रेश्मानं हाक मारली, आबा कासरा धरा म्हनली. मी म्हनलं, थांब जरा. लई देखनं हुतं रे, अमृत."

मला आईचा आवाज आता आठवत नाही. तिचं शेवटचं बोलणं मात्र मला त्या दिवशी कळलं. नऊ वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन आभाळ मोजत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

दादा ओरडले नाहीत. त्यांनी हातही उगारला नाही. त्यांनी आबांकडे बघून नुसती मान हलवली.

"म्हंजी इमान आलं हुतं," ते म्हणाले. "तुझं खरं हाय."

एवढं बोलून ते खुर्च्या चढवायला वळले. आबा प्रमाणपत्र धरून तिथेच उभे राहिले. इतक्यात मोठी आई गर्दीतून सुटून धापा टाकत आली. दोघे भाऊ बोलताना तिने लांबून बघितलं होतं, तिचा चेहरा फुलला होता. तिने माझा दंड धरून विचारलं, भाऊजी काय म्हणाले?

मी सांगितलं, "विमान आलं होतं म्हणाले. आबांचं खरं आहे म्हणाले."

मोठ्या आईने पदर डोळ्यांना लावला, डोंगराकडे तोंड करून हात जोडले आणि जिलेबी घ्यायला निघाली, भाऊजींसाठीसुद्धा.