आम्हीच सुचवलेला मार्ग

शहराला वीज कमी पडते, म्हणून उच्चदाबाची लाईन गडमुडशिंगीच्या उसातनं जाणार, असं मोजणीवाले सांगून गेले आणि आमचे सात खातेदार एका दिवसात क्रांतिकारक झाले. एरवी बांधावरच्या वीतभर मातीसाठी एकमेकांची गचांडी धरणारी ही माणसं. त्या संध्याकाळी देवळात जाऊन त्यांनी भंडारा उचलला आणि शपथ घेतली, एकाच्याही रानात टॉवर उभा राहू द्यायचा नाही.

शपथ झाली, पण अर्ज कुणी लिहायचा? सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही.

"लिही पोरी," चुलते म्हणाले. "असं लिही की सायबाचं डोकं दुखलं पायजे."

नुसतं नको म्हणून भागत नाही, दुसरा मार्ग सुचवावा लागतो, हे मीच त्यांना सांगितलं. मार्ग लगेच सापडला. गावातला एक जमीनमालक पुण्यात असतो. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरातलं कुणी इकडं फिरकलेलं नाही.

"त्येच्यातनं न्या म्हणावं की," चुलते म्हणाले. "त्यो तिकडं एसीत बसलाय. त्येला काय कळतंय?"

सातही क्रांतिकारकांना हे न्यायाचं वाटलं. मलाही वाटलं, ते लपवत नाही. मी मोबाईलवर त्या पुणेकराच्या नावाचे सातबारे काढले, एकाखाली एक गट नंबर टाकले आणि दोन पानी अर्ज लिहिला. शेवटी माझ्या नावापुढं बी.ए. लिहायला विसरले नाही. सातजणांनी सह्या केल्या. वाचला एकानंही नाही. त्यात माझे वडीलही आले.

सरकारी कागद इतक्या लवकर हललेला मी कधी पाहिला नव्हता. महिन्याभरात मोजणीवाले परत आले आणि त्यांनी तांबडी खुंटी ठोकली ती आमच्या नव्या घराच्या चौथऱ्यात! आप्पा, म्हणजे माझे वडील, ओढ्याजवळच्या तुकड्यात घर बांधत होते. जन्मभर पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला एकदा स्लॅबखाली झोपायचं होतं. लाईनखाली बांधकाम चालणार नाही, असं मोजणीवाल्यानं बजावलं.

"ओ पावणं! हितनं न्या म्हणून कुणी सांगितलं तुमाला?" आप्पा ओरडले.

"तुम्हीच की," म्हणत त्यानं अर्जाची झेरॉक्स पुढं केली.

झालं होतं असं. माझ्या आजोबांनी त्या पुणेकराच्या आजोबांशी जमिनीची तोंडी अदलाबदल केली होती. त्यांचा ओढ्याकडचा तुकडा आम्हाला, आमचा माळावरचा त्यांना. शब्द दिला, सुपारी खाल्ली, संपलं. तलाठ्याकडं कोण जातंय? त्यामुळं सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. आप्पांना ते रान 'ओढ्याकडचं' म्हणून माहीत, त्याचा गट नंबर त्यांनी जन्मात विचारला नव्हता. मला नंबर माहीत, पण तिथं कोण कसतंय हे विचारायची बुद्धी झाली नाही. पंधरा वर्षं शिकून मला स्वतःचं रान ओळखता आलं नाही.

मी दुसरा अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी सहा घरं फिरले. सहा घरी चहा मिळाला. सही एकाही घरी नाही.

"शहरातल्या लोकांनी अंधारात बसायचं व्हय?" एकानं मलाच विचारलं. महिन्यापूर्वी रस्ता अडवू म्हणणारा हाच गडी.

"तात्या, भंडारा उचललाय न्हवं तुम्ही?" मी चुलत्यांना म्हटलं.

"उचललाय की. पर आता तुमचं रान कागदावर तुमचं न्हाय. आन त्ये तूच लिवून दिलंयस."

कागदावर मालक पुणेकर, म्हणजे हरकतही त्याचीच चालणार. मग त्याला फोन लावला. आप्पा शेजारी चौथऱ्यावर बसले होते. सगळं ऐकून तो माणूस हसला.

"माझ्या जमिनीतनं लाईन न्या म्हणून तुम्हीच लिहिलंत, आणि आता हरकत मी घ्यायची?"

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"अदलाबदल झालीय हे वडील सांगायचे. सही देतो. पण आधी तो पहिला अर्ज मला वाचून दाखवा. सगळा."

मी वाचायला लागले. 'सदर जमीन ओसाड व विनावापर असून' इथं मी थांबले. त्या जमिनीत आप्पांनी दरसाल भुईमूग काढला होता.

"वाच की," आप्पा म्हणाले. "पुढं काय लिवलंयस?"

"तेथून वाहिनी नेल्यास कोणाचेही नुकसान होणार नाही."

पुणेकरानं हरकतीचा कागद पाठवायला पत्ता सांगितला आणि फोन ठेवला.

सही आठवड्यात पोस्टानं आली. सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. मी मुद्दे काढायला बसले, तर आप्पांनी कागद माझ्या हातातनं काढून घेतला.

"तितं मी बोलतो," ते म्हणाले. "तू फकस्त गाडी चालव."