पावणेतीन आणि दीड

पाचवीतल्या मुलीला मिश्र अपूर्णांकांची बेरीज मीच शिकवणार होतो. घरात एम.ए. झालेला माणूस मी; पुस्तकांचं कपाटही माझंच, त्यातली निम्मी वाचलेली. दोन पूर्णांक तीन चतुर्थांश अधिक एक पूर्णांक एक द्वितीयांश. आधी पूर्णांक मोडायचे, मग छेद समान करायचे, मग बेरीज, मग पुन्हा पूर्णांक वेगळा काढायचा. अर्ध्या तासाने मुलगी म्हणाली, "पप्पा, मी अक्काकडे जाऊन येते."

अक्का म्हणजे शिरपूरच्या आमच्या गल्लीत समोर राहणारी, ब्लाउज शिवणारी बाई. तिची शाळा चौथीत सुटलेली. मुलगी दहा मिनिटांत उत्तर घेऊन आली: सव्वाचार.

"कसं केलंस?"

"अक्का बोलनी, इतलं काय अवघड शे? पावणेतीनले पाव दे, तीन व्हयनात. दीडमातला पाव गया, सव्वा राह्यना."

अक्काचा ठेकासुद्धा तिने सोबत आणला होता. माझं एकही वाक्य तिने कधी असं उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वहीत नवं गणित घातलं: दोन पूर्णांक एक तृतीयांश अधिक एक पूर्णांक दोन पंचमांश. पाव आणि अर्ध्यावर चालणाऱ्या बाईला हे जमणार नाही, एवढाच त्यामागचा शैक्षणिक विचार. हस्ताक्षर मात्र सुरेख काढलं. मुलगी वही घेऊन समोर गेली. मी पेपर उघडून खिडकीत बसलो.

ती पाच मिनिटांत परतली. "अक्का म्हणे, असं कपडं कोनी मांगत नही. तुना पप्पालेच इचार, त्यास्नी मुद्दाम घालं व्हई."

"हसत होती?"

"थोडी."

मी शिकवलं. तीन आणि पाचचा लसावि पंधरा. उत्तर तीन पूर्णांक अकरा पंधरांश. तिला पहिल्याच फटक्यात जमलं. मी जिंकलो होतो, आणि हा आनंद ती चप्पल पायात सरकवेपर्यंत टिकला.

"आता कुठे?"

"अक्काला शिकवते. तिला हे येत नाही ना."

समोरचं शिलाई मशीन थांबलं. मुलगी पायरीवर बसून माझाच लसावि अहिराणीत सांगत होती. अक्का मध्येच म्हणाली, "आखो एकदाव सांग," आणि दोघी हसल्या. माझ्याकडे शिकताना तिने दोनदा घड्याळ पाहिलं होतं.