धुरपताबाईचं तणीस

लाखनीच्या पुढे हमरस्त्याला लागून एक पेपर मिल आहे. तिथल्या तणसाच्या आवारात धुरपताबाईनं बावीस वर्षं काढली. धानाच्या तणसापासून, म्हणजे भाताच्या पेंढ्यापासून, मिल खोक्यांचा जाड, तपकिरी कागद करायची. दुमजली घराएवढ्या बंद हंड्यात कॉस्टिक सोडा घालून तणीस शिजवायचं, पण त्याआधी ते झटकून निवडून द्यायचं काम अकरा बायकांचं आणि त्यांच्यावर धुरपताबाई मुकादम. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण मूठभर तणीस चुरगाळून ती सांगायची, "हे हलक्या धानाचं हाय, लवकर शिजन. भारी धानाच्या संगं टाकू नका." हंड्यावरचे ऑपरेटर मुकाट ऐकायचे. न ऐकल्यास लगदा अर्धा कच्चा राहायचा नि अर्धा गाळ व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी मिलमध्ये हर्षा आली. त्याच भागातल्या शहापूरची पोरगी, नागपुरात शिकून इंजिनीअर झालेली. ऑनलाइन खरेदीमुळे खोक्यांना मागणी वाढली होती, परदेशातून येणाऱ्या रद्दीचा भरवसा राहिला नव्हता आणि सगळ्या कागदवाल्यांचं लक्ष पुन्हा तणसाकडे वळलं होतं. अडचण एकच होती. तणसात वाळूच्या जातीचं सिलिका फार. शिजवताना ते सोड्याच्या काळ्या पाण्यात उतरतं आणि पुढे पाइपांत दगडासारखं बसतं. ते कमी कसं करायचं, हे हर्षाला शोधायचं होतं.

पहिल्याच दिवशी धुळीनं तिचा जीव घुसमटला. धुरपताबाईनं आपला दुपट्टा तिच्या नाकातोंडाला बांधला. थोड्या वेळानं हर्षानं विचारलं, "मावशी, ही पानं काहून बाजूला काढता?"

"पान करवतीवानी हाय वं. बोटं कापते. दांडी कशी गुळगुळीत रायते. जे आपल्या बोटाले लागते, ते पायपाले लागन का नाई?"

हर्षानं एक पान बोटावरून ओढून पाहिलं. मग धुरपताबाईनं तिला हौदाशी नेलं. सहा-सात तास भिजवून चोळलं की पान दांडीपासून सुटतं, हे तिनं हातांनी करून दाखवलं. प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा सिलिका जवळपास निम्म्यावर आलं होतं. हर्षा धावत आवारात आली आणि सगळ्यांदेखत तिनं धुरपताबाईला मिठी मारली.

पुढची दोन वर्षं दोघींनी ढिगामागून ढीग तपासले. कोणत्या धानाचं तणीस किती भिजवायचं, कोणतं वेगळं शिजवायचं, सगळं हर्षा वहीत उतरवून घ्यायची. जेवायला धुरपताबाईकडेच असायची. भात आणि लाखोरीची डाळ पोटभर खायची. एकदा हात धुता धुता म्हणाली, "मावशी, रिपोर्टवर पहिलं नाव तुमचं टाकीन."

"माझं नाव कायले वं?" धुरपताबाई हसली. पण त्या संध्याकाळी नवऱ्याला, इश्वरला, तिनं ते दोनदा सांगितलं.

नागपुरात कागदवाल्यांची परिषद झाली. मिलच्या नव्या पद्धतीला बक्षीस मिळालं. मिलमध्ये कार्यक्रम ठेवला तेव्हा अकराही बायका ठेवणीतली लुगडी नेसून पुढे बसल्या. मॅनेजर कैलाशसाहेब बोलायला उभे राहिले, "आपल्या संशोधन विभागानं शोधलेली ही पद्धत..." पडद्यावर फोटो आला. नुसते हात, कोपरापर्यंत, हिरव्या बांगड्या घातलेले. धुरपताबाईनं आपले हात ओळखले. शेजारच्या विमलाबाईनं खालच्या ओळी हळूच वाचून दाखवल्या, "पारंपरिक हातपद्धत. वेळखाऊ आणि असमान."

पुढच्या फोटोत तणीस धुणारं मशीन होतं. ते बसलं की हातनिवड बंद, असं साहेबांनी सांगितलं. टाळ्या वाजल्या. दोन-तीन बायकांनीही वाजवल्या, मग त्यांचे हात थांबले.

धुरपताबाईनं हर्षाला प्रयोगशाळेच्या दारात गाठलं.

"नाव नसतं टाकलं तरी चाललं असतं. पण असमान कोनं लिवलं?"

"मावशी, मशीन मंजूर व्हायला तसं लिहावं लागलं."

"मशीन येनार हाय, हे तुले कधीपासून ठाऊक होतं?"

हर्षा म्हणाली, "पहिल्या वर्षापासून."

म्हणजे घरी जेवत होती तेव्हाही. धुरपताबाईच्या मनात तेवढंच आलं, आणि तिला पुढे काही विचारावंसं वाटेना.

त्याहून जड गेलं ते फाटकाबाहेर. विमलाबाई बावीस वर्षांची जोडीदारीण. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तूच शिकवलं ना तिले? आमच्या हातचं काम तूच काढून देल्लं." बाकीच्यांपैकी कुणी तिला अडवलं नाही.

मशीन बसलं, अकरा जणींसह धुरपताबाईचंही काम गेलं. उन्हाळी धान निघालं आणि हलक्या-भारीचं तणीस एकत्र येऊ लागलं. लगदा बिघडला, कागद यंत्रावर तुटायला लागला. एका दुपारी हर्षा धुरपताबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. धुरपताबाईनं पाणी दिलं, बस म्हटलं नाही.

"मावशी, एकदा येऊन तणसाला हात लावून सांगा ना."

"वहीत लिवलं होतं ना तू?"

"लिहिलं होतं. रिपोर्टमधून काढलं. मशीनला धान ओळखता येत नाही म्हणून."

धुरपताबाईनं विचारलं, "अकराही जनीले घेऊन येऊ?"

हर्षानं मान खाली घातली. "साहेबांनी तुम्हालाच बोलावलंय."

"मंग नाई येत."

हर्षा अजून थोडा वेळ उभी होती. रडत होती. धुरपताबाईला ते दिसलं, तिचा जीवही हलला, पण ती आत निघून गेली.

त्या वर्षी मिलनं तणीस घेणं थांबवलं आणि पुन्हा परदेशी रद्दीच्या गाठी उतरायला लागल्या. हर्षा गुजरातकडे नोकरीला गेली. धुरपताबाई आता रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जाते. विमलाबाईही त्याच शेताच्या बांधीत असते, चार हातांवर, आणि अजून बोलत नाही. मिलनं बोलावलं होतं आणि आपण का गेलो नाही, हे धुरपताबाईनं तिला सांगितलेलं नाही. इश्वर एकदा म्हणाला, "सांगून तं पाय." ती म्हणाली, "इतक्या वर्षांत तिले मी ओळखू आली नाई, तं आता सांगून काय व्हते?"