फुगलेल्या माशांची टाकी

असियातूचा हात पाण्यात गेला तरी मासे बिचकत नसत. सरोवराच्या काठावर मासे साठवायची जी शेड होती, तिथे ती लग्नाआधीपासून कामाला होती. नवरा खाणीत काम करायला दक्षिणेला गेला तो गेलाच. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ जाफाली तिच्या पाठीवर बांधलेला वाढला, मोठा झाला आणि पाणबुड्या झाला. त्यानं खडकांतून धरून आणलेले निळे-पिवळे मासे ती सिमेंटच्या हौदांत सांभाळायची. मग ते विमानानं कुठल्या कुठल्या देशांत, कुणाकुणाच्या दिवाणखान्यांत जायचे.

खोल पाण्यातला मासा एकदम वर आणला तर त्याच्या पोटातली हवा फुगते. म्हणून जाफाली मासे भोकं पाडलेल्या पिंपात कोंडायचा, पिंप नांगराच्या दोराला बांधायचा आणि अधूनमधून बुडी मारून ते दोरावरच्या पुढच्या खुणेपर्यंत वर सरकवायचा. एवढं करूनही एखादा फुगलाच तर असियातू त्याच्या कुशीत पोकळ सुई टोचून हवा काढायची. सुई कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाला पुसायची आणि पुढचा मासा हातात घ्यायची. सगळे असंच करत आले होते.

त्या हंगामात हौदातले मासे एकामागून एक फुगायला लागले. असियातूनं टोचले, तरी उतरेनात. मालक, बाम्बो चिकोपा, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. होडीवरची माणसं होती, जाळी धुणाऱ्या बायका होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर असियातू भावाला म्हणाली, "काय रे, मासे आणलेस की मंदासी तळून आणल्यास? बघ कशा टम्म फुगल्यात!"

बायका खिदळल्या.

"आचेमवाली, ताई, मी पिंप हळूच वर घेतलं होतं," जाफाली म्हणाला.

"हळू? तुला घरी जायची घाई. नवी नवरी आहे ना वाट बघत!"

पुन्हा हशा पिकला. पुढच्या खेपेला जाफालीनं पिंप हात-हातभरच वर सरकवलं. त्यासाठी दिवसातून कितीदा तरी तो खाली गेला आणि वर आला. होडीवरच्या हवेच्या यंत्राची नळी तोंडात, अंगात फाटकं बनियन. माशांना वर यायला सवड मिळत होती. त्याला कुणी दिली नाही. शेवटच्या बुडीनंतर होडीत चढताना तो म्हणाला, "पायांत मुंग्या आल्यात." काठावर त्याला चौघांनी उचलून आणलं. दवाखान्यात म्हणाले, पुन्हापुन्हा खोलातून झटकन वर आल्यानं पाय गेलेत, यावर आमच्याकडे इलाज नाही. काही दिवसांनी नवी नवरी माहेरी गेली आणि असियातूनं भावाला आपल्या झोपडीत आणलं.

त्या खेपेचे मासे मात्र देखणे होते. चपळ, सपाट पोटाचे. हौदात सोडले तेव्हा बाम्बो चिकोपासुद्धा हसले. पण आठवडा उलटला आणि माशांनी खाणं टाकलं. मग तेही फुगले.

सवयीनं असियातूनं सुई उचलली. आणि मासा हातात धरूनच ती थांबली. खोलातून झटकन आणलेला मासा वर तरंगतो, कितीही धडपडला तरी त्याला खाली जाता येत नाही. हे तर तळाशी बसले होते. मागून विष्ठेचा पांढरा दोरा लोंबत होता. आधीचेही असेच बसले होते का? तिनं आठवून पाहिलं. बसले होते. तिनं पोट पाहिलं होतं, मासा पाहिला नव्हता.

तिनं सुई खाली ठेवली.

"आमायी, बाई, फेकून द्या ते," बाम्बो चिकोपा म्हणाले. "हौद धुऊन काढा. नवे धरू."

"धरायला कोण जाणार?"

ते दुसरीकडे बघायला लागले. "तसं नाही हो... पण यांना वाचवून मिळणार काय?"

"मला बघायचंय."

शेडमधली, कोपऱ्याला तडा गेलेली काचेची टाकी तिनं डांबरानं सांधली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. सरोवरात काठापासून लांब जाऊन पाणी आणलं, फडक्यातून गाळलं. ज्या हौदात एकही मासा आजारी नव्हता, तिथला पाणी गाळायचा जुना स्पंज या टाकीत बसवला, म्हणजे पाणी लवकर नासणार नाही. दगड घातले नाहीत, दगडांत घाण राहते. पण लपायला जागा नसेल तर हे मासे एकमेकांना फाडतात, म्हणून नळाचे तुकडे कापून तळाशी टाकले. जाळं वेगळं, बादली वेगळी. पोट बिघडल्यावर माणसांना देतात त्या कडू गोळ्या कुटून पाण्यात विरघळवल्या. आजारी मासे त्यात सोडले आणि वरून काळं कापड टाकलं.

रोज ती थोडं पाणी काढायची, थोडं घालायची. कोपरापर्यंत हात साबणानं धुवायची. मग घरी जाऊन भावाला मक्याच्या पिठाची न्सिमा भरवायची, त्याचं अंथरूण बदलायची.

"मासे?" तो विचारायचा.

"आहेत."

"माझ्याच हातून घाई झाली असणार," तो छपराकडे बघत म्हणायचा. "तू ओरडलीस ते बरोबरच होतं."

ती घास पुढे करायची. औषधानं मासे बरे झाले तर तो रोगच. मग जाफालीची काही चूक नव्हती, आणि ती त्याला सगळ्यांसमोर बोलली ते खोटं होतं. सकाळी काळं कापड उचलताना कधी कधी तिला वाटायचं, सगळे मेलेलेच निघाले तर बरं.

बरेचसे मेलेच. पण एके दिवशी एक निळा मासा नळाच्या तुकड्यातून बाहेर आला. त्याचं पोट उतरलं होतं. तिनं चिमूटभर खाणं टाकलं. त्यानं ते टिपलं आणि आणखी मिळतंय का म्हणून तिच्या बोटांकडे बघत राहिला.

असियातू तशीच घरी गेली, हात न धुता.

"जाफाली, तो रोग होता. पिंप तू बरोबर आणलं होतंस."

"दुसऱ्या वेळी?"

"पहिल्याही वेळी."

तो म्हणाला, "म्हणजे मी उगाच गेलो इतक्या वेळा खाली."

ती त्याच्या उशाशी बसली. "मी सगळ्यांना बोलावून सांगते. हसल्या होत्या ना त्या, त्यांच्यासमोरच सांगते."

"नको," तो म्हणाला. "मला तरी कशाला सांगितलंस? चूक माझीच होती असं समजून तरी पडून राहता येत होतं."

तोंड त्यानं स्वतःच भिंतीकडे फिरवलं. पाय तिला फिरवावे लागले.