ओव्हिदचा केक आणि मादामची साखर

ओव्हिद फोंतनो माणसांपेक्षा माकडांशी जास्त बोलायचा. लुईझियानातल्या एका संशोधन केंद्रात तो पिंजरे धुवायचा, खाणं द्यायचा. तिथल्या काही माकडांना मुद्दाम कोविड दिला होता. ताप उतरून महिने लोटले, तरी अंगात मागे काय उरतं ते डॉक्टरांना बघायचं होतं. त्यांतल्या एका म्हाताऱ्या माकडिणीला ओव्हिद 'मादाम' म्हणायचा, कारण सोलून दिल्याशिवाय ती केळ्याला हात लावत नसे.

कार्निव्हलचे दिवस आले. घरोघरी साखरेने मढवलेला, सणाचा किंग केक कापला जात होता, आणि समोरच्याला तुकडा न देता आपण खाणं म्हणजे त्याच्या आईचा उद्धार करण्यासारखंच. मादाम तर रोज समोर. ओव्हिद कशाला पाप घेतोय?

एका सकाळी डॉ. कॉलेट बॅप्टिस्ट जवळजवळ नाचतच आल्या. "काका, सापडलं! मादामची साखर बघा, आभाळाला टेकलीय! विषाणू जाता जाता साखर बिघडवून गेलाय!"

ओव्हिदच्या हातातल्या नळीचं पाणी त्याच्याच बुटात शिरू लागलं.

"बाई... तो विषाणू नाही. केक आहे."

"केक?"

"बारीकसा तुकडा. रोज."

"ओव्हिद फोंतनो!" यातला 'काका' कुठच्या कुठे गळून पडला होता. बाई धाडकन दार आपटून आत गेल्या. माणसांचं एवढं मोठं काम आपण बेकरीच्या केकात बुडवलं, या विचाराने ओव्हिद बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

बाई परतल्या, त्या उतरलेल्या चेहऱ्यानेच.

"मादाम प्रयोगातून बाद. तुमचं काय ते वरचे ठरवतील. बाकीच्यांना नाही ना दिलात केक?"

"छे! चावतात मेली."

"त्यांचीही साखर चढलीय. आजारी न पाडलेली माकडं मात्र ठणठणीत. म्हणजे विषाणूचाच प्रताप."

ओव्हिदने छातीवर क्रूस काढला. काम वाचलं! मग त्याचा हात तिथेच थांबला.

"म्हणजे वरून सगळं झकास, उड्याबिड्या, आणि आतून..."

"आतून साखर."

"बाई, मलाही झाला होता कोविड. हल्ली सारखी तहान लागते. मी म्हटलं, उकाड्याने."

"फेब्रुवारीत, काका?"

मग बाईंनी खणातून साखर तपासायची सुई काढली, आणि ओव्हिदने हातमोजा उतरवून बोट पुढे केलं.