मंठाळहून बोलतेय

सोलापूरहून निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंनी नळदुर्गच्या आसपास विचारलं, “कुठं निघालाव?”

“मंठाळला. बसवकल्याणच्या पुढे.”

“पावणे हायत का तिकडं?”

“नाही. तिथली एक मुलगी माझ्याबरोबर काम करते. तिच्या सासरच्यांना मला बघायचंय.”

बाईंनी माझ्या कुडत्यापासून बुटांपर्यंत नजर फिरवली. “मग साडी तरी नेसायची की,” त्या म्हणाल्या आणि उमरग्यात उतरून गेल्या. मला तिथं दुसरी बस पकडायची होती. स्टँडवर उभ्या उभ्या चहा घेताना मी कुडत्याच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.

मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे, म्हणजे घरी बसून लोकांची ऑफिसं सांभाळते. पुण्यातली नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक एकच होतं, एक शिवणक्लास. मग कोकणातले एक आंबेवाले आले, मग दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचे फोन घ्यायचे, भेटीच्या वेळा ठरवायच्या, मेलना उत्तरं द्यायची, बिलं पाठवायची. पुढं काम इतकं वाढलं की तापानं फणफणले असतानाही मी उशीवर डोकं ठेवून “नमस्कार, बोला” म्हणत होते. त्याच सुमारास ओळखीतून शिवलीलाचं नाव कळलं. माहेर औराद, सासर मंठाळ, शिक्षण बीकॉम. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलणारी. दवाखान्याचे फोन मी तिच्याकडे वळवले आणि कितीतरी महिन्यांनी दुपारी निवांत जेवले.

अशात तिचा निरोप आला, “ताई, घरातून न्हाई म्हणायलेत. अव्वा म्हणतात, माणूस बघितल्याबिगर काम करायचं न्हाई.” अव्वा (आई) म्हणजे तिच्या सासूबाई. आपल्याकडे मुलगी बघायला जातात, इथं काम देणारीलाच बघायचं ठरलं होतं. शिवलीलाला गमावायची माझी अजिबात तयारी नव्हती. मी बाकरवडी घेतली, ओळखपत्रं घेतली आणि निघाले.

कर्नाटकाची हद्द लागली की दुकानांच्या पाट्या कन्नड होतात, शेतं मात्र तीच राहतात. काळी जमीन, पिवळसर होत आलेली ज्वारी आणि दोन्ही बाजूंना शेंगांनी वाकलेली तूर. बसवकल्याणला किल्ला बघायचं मनात होतं, पण मंठाळची बस समोरच लागली होती. त्या बसमध्ये माझी फजिती झाली. इथं राज्याच्या बसमधून बायकांना प्रवास फुकट आहे, म्हणून सगळ्यांसारखं मीही ऐटीत आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं ते उलटंसुलटं करून परत दिलं. “ये पुने का है अक्का. नै चलता,” तो म्हणाला. आसपासच्या बायका हसल्या. मीही हसले आणि तिकीट काढलं.

शिवलीला फाट्यावर उभी होती. तिला एवढे महिने मी पडद्यावर पाहत होते, तरी ती इतकी उंच असेल असं वाटलं नव्हतं. घरी अव्वांनी हातपाय धुवायला पाणी दिलं. “शरणार्थी,” असा त्यांच्यातला नमस्कार करून हात जोडले. कपाळावर विभूतीचे पट्टे, चेहरा गंभीर. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पुंडी पल्ल्या (अंबाडीची भाजी) आणि घट्ट दही होतं. पुंडी पल्ल्या मी दोनदा मागून घेतली, तेव्हा कुठं अव्वा थोड्या हसल्या. कामाचा विषय कुणीच काढेना. मी ओळखपत्रं काढून पुढं ठेवली. शिवलीलाच्या सासऱ्यांनी ती न बघताच बाजूला सारली. “कागदाचं काय घेऊन बसलाव,” ते म्हणाले. “आराम करा.”

सकाळी अंगणात तुरीच्या काड्यांचे भारे उतरवणं चाललं होतं. मी ओसरीवर चहा पीत होते, अव्वा पूजा आटोपून बाहेर आल्या होत्या आणि नेमका तेव्हाच दवाखान्याचा फोन वाजला. शिवलीलानं माझ्याकडं पाहिलं, अव्वांकडं पाहिलं आणि मी शिकवलं होतं तसं म्हणाली, “नमस्कार, दातांचा दवाखाना, पुण्याहून बोलतेय.” मागं म्हैस ओरडली.

फोन संपला तशा अव्वा माझ्याकडं वळल्या.

“ऐकलाव न्हवं? एवढंच दाखवायला बोलावलंय तुम्हाला.”

“काय झालं?”

“सून हितं बसलीय. मग पुण्याहून बोलायलीय म्हणून कामून सांगती?”

मी तयार करून आणलेली सगळी उत्तरं वेगळ्याच प्रश्नांची होती. पैसे वेळेवर मिळतील, अनोळखी पुरुषांशी वेळीअवेळी बोलावं लागणार नाही, असं बरंच काही. मी म्हटलं, “पेशंटचा विश्वास बसावा म्हणून. गावातून कुणी बोलतंय म्हटल्यावर लोक बिचकतात.”

“दात पुण्यातच उपटायलेत न्हवं? मग बोलणारी मंठाळात असली तर दुखायलंय कुठं?”

शिवलीला खाली मान घालून हसत होती. अव्वा हसल्या नाहीत. “कामाला माझं न्हाई नाही. हे बी कायकच (काम हीच पूजा) हाय. आमच्यात बसून खात न्हाईत. पर सकाळी पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आन् त्याच तोंडानं दिवसभर लटकं बोलायचं, हे मला बघवंना. ते वाक्य ऱ्हायलं तर काम ऱ्हायचं न्हाई.”

“हे मी ठरवलेलं नाही, अव्वा. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे.”

“मग त्यांना इचारा.”

“त्या रागावल्या तर माझं मोठं काम जाईल.”

“म्हंजे इचारलंच न्हाई अजून,” अव्वा म्हणाल्या. “भ्यायलीस व्हय?”

तुम्हीवरून त्या एकदम ‘तू’वर आल्या होत्या. मला राग आला, आणि त्या बरोबर बोलत होत्या म्हणून जास्तच आला. मी फोन घेऊन भाऱ्यांच्या पलीकडं गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मंजिरी, लोकांना वाटेल मी दवाखाना गावाला हलवला,” त्या म्हणाल्या.

“खुर्ची तिथंच आहे हे त्यांना आल्यावर दिसेलच,” मी म्हटलं. अव्वांचाच मुद्दा थोडा इस्त्री करून मांडला होता. “आणि शिवलीला गेली तर तुमचे फोन नीट घेणारं माझ्याकडं दुसरं कुणी नाही.”

पलीकडं त्यांनी कुणाला तरी चूळ भरायला सांगितलं. मग म्हणाल्या, “आठवडाभर बघू. तक्रार आली तर मात्र मी दुसरी सोय करीन.”

दुपारी निघताना अव्वांनी ओटीत नारळ आणि पिशवीत तूरडाळ घातली.

सोलापूर स्टेशनवर गाडीला वेळ होता. मला राहवेना. दुसऱ्या नंबरावरून दवाखान्याला फोन लावला. दाढ दुखतेय असं सांगून परीक्षा घ्यायची, असं ठरवलं होतं.

“नमस्कार, दातांचा दवाखाना. मी शिवलीला, मंठाळहून बोलतेय.” आणि लगेच मागून अव्वांचा आवाज आला, “जिल्हा सांग की. जिल्हा बिदर.”

दाढ दुखतेय हे माझ्या तोंडून निघालंच नाही. “मी आहे गं, मंजिरीताई,” म्हटलं आणि फलाटावर एकटीच हसत उभी राहिले.

आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. तो संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंचा मेसेज आला, “तक्रार एकच. बिदर ऐकून पेशंट तिच्याकडं तूरडाळीची चौकशी करतात आणि लाइन अडकून पडते. राहू दे तिला.” मी तो तसाच मंठाळला पाठवला. उत्तरात शिवलीलानं अव्वांचा फोटो पाठवला. त्या फोनकडं न बघता तूर पाखडत होत्या.

एवढा प्रवास मी माझी माणसं टिकवायला केला होता, आणि ती टिकली. घरी आल्यावर अव्वांचं ते ‘लटकं बोलायचं’ मात्र मला सुखानं काम करू देईना. परवा आंबेवाल्यांचा फोन आला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “मॅडम, ऑफिसात आहात ना?” आजवर मी हो म्हणत आले होते.

“नाही,” मी म्हटलं. “घरीच आहे. कायम घरीच असते. मंठाळची डाळ शिजत टाकलीय. बोला.”

मग पलीकडून कोंबडा आरवला आणि ते म्हणाले, “मी पण गोठ्यातच आहे. लिहून घ्या.”