हेमकांतकाकांचे सव्वीस दिवस

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. कारण हेमकांतकाकांच्या एक्स्चेंजविरुद्ध ज्या तक्रारी गेल्या त्यात एक माझी आहे. नेट बंद पडून कॉलेजचा फॉर्म तिसऱ्यांदा अडकला आणि मी रागात दोन मिनिटांत ठोकून दिली.

काका आमच्या शेजारचे. तापीकाठच्या आमच्या गावात टेलिफोनचं जुनं एक्स्चेंज, म्हणजे एक खोली आणि तीन लोखंडी कपाटं. काका तिथे तेहतीस वर्षं, रिटायर झाल्यावरही कंत्राटावर.

आत चालतं काय, मी विचारलेलं. काका म्हणाले, केळीची गाडी भरताना बघतेस ना? खालचा घड फेकतो, वरचा झेलतो. इथे घडाऐवजी बोलण्याच्या आणि नेटच्या बारीक पेट्या, सगळ्या एका मापाच्या, त्रेपन्न बाइटच्या. त्यातले पाच बाइट नुसता पत्ता. एकच माप म्हणून मशीन न थांबता पुढे ढकलतं. पण फेकणारा आणि झेलणारा एका तालात पाहिजेत, नाहीतर माल खाली. तो ताल घड्याळाचा, आणि तो वरून, नंदुरबारहून यायचा.

मार्चमध्ये रस्ता रुंद करताना जेसीबीने तीच केबल तोडली. फोन आणि नेट दुसऱ्या वाटेने वळवलं, ताल मात्र आला नाही. अशा वेळी शेजारच्या एक्स्चेंजकडून घ्यायचा. तिथे काकांचे दोस्त चुनीलालभाई. काकांनी फोन लावला, मी समोरच होते.

"चुनीलालभाई, तुन्हा टाइम ठीक शे ना?"

"हिरवा लाइट शे भो! तुन्हासारखा मन्हा डोळा नही गया."

काका हसले आणि ताल त्यांच्याकडून जोडला.

पण चुनीलालभाईंचीही तीच केबल तुटलेली. त्यांनी सकाळीच, न सांगता, काकांच्या एक्स्चेंजकडून ताल घेतला होता. इतक्या वर्षांचा भरवसा, विचारायचं कशाला! म्हणजे दोघं एकमेकांकडे बघून चालत होते. दोघांमध्ये काहीच पडत नव्हतं म्हणून दोन्हीकडे हिरवा लाइट, आणि दोघं मिळून बाकी सगळ्यांच्या तालापासून सरकत होते. बाहेर जाणाऱ्या पेट्या गळत होत्या. एकोणीस दिवस! फोनवर खटखट, नेट बंद, तक्रारींचा ढीग.

चूक काकांनीच शोधली. कोण कुणाकडून ताल घेतो त्याचे कागदावर बाण काढले, तर बाण फिरून आपल्याच दारात. त्यांनी फोन केला.

"आपण दोन्ही गधडा शेतस."

मग चुनीलालभाई म्हणाले, "तू जास्ती."

केबल जोडली, ताल पुन्हा नंदुरबारहून आला आणि सगळं सुरळीत झालं. पण वर फाइलमध्ये लिहून झालेलं, मशीन निकामी, एक्स्चेंज बंद करा. काकांनी पत्र लिहिलं, मशीन चांगलं आहे, चूक माझी. चुनीलालभाईंचं नावसुद्धा घेतलं नाही. वरच्या ऑफिसचे साहेब फोनवर म्हणाले, तीस दिवस एकही पेटी न गळता दाखवा, मग बघू.

मग काका रोज रीडिंग घेऊन कॅलेंडरवर शून्य लिहायचे. सरलाकाकू चिडायच्या, "तठे काय ठेयेल शे आते? घर बसा!" काका म्हणायचे, "मशीनना काय गुन्हा?"

सव्विसाव्या दिवशी दोन माणसं बंद करायचा आदेश घेऊन आली. त्यावरची तारीख साहेबांच्या फोनच्या आठ दिवस आधीची! काकांनी कॅलेंडर पुढे केलं. ती माणसं वाईट नव्हती, म्हणाली, काका, आम्हाला फक्त बंद करायला पाठवलंय.

"मी करतो," काका म्हणाले. एकेक कपाट बंद केलं, घड्याळाचं सगळ्यात शेवटी. मी दारात रडत होते. सांगितलं, काका, एक तक्रार माझी होती.

"खरी व्हती बेटा. पेट्या गळतच व्हत्यात."

यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता नवा टॉवर आहे आणि गावात कुणाचंच काही अडलेलं नाही. चुनीलालभाई मुलीकडे बारडोलीला गेले. काका रोज कुलूप उघडून त्या अंधाऱ्या खोलीत बसतात. कपाटं भंगारात न्यायला ट्रक पुढच्या आठवड्यात येणार, तेव्हा चावीही जाणार.

त्या तक्रारीनंतर मला त्यांच्यासमोर बसवत नाही. शहाद्याहून आमच्या गावाला एसटी आहे. जा ना कुणीतरी. मशीन परत सुरू होईल असं खोटं सांगू नका, नुसते त्यांच्याजवळ बसा. पण ट्रक यायच्या आत जा.